छंदातून उभी राहिलेली गेम कंपनी मोठ्या मालकाकडे गेली की काय बदलतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे सगळं नेमकं कोणत्या कंपनीबद्दल आहे?

मुख्यतः विझार्ड्स ऑफ द कोस्टबद्दल. 'मॅजिक: द गॅदरिंग' हा पत्त्यांचा खेळ आणि 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' (पुढे डी अँड डी) हा रोल प्लेइंग गेम, म्हणजे कल्पित पात्रांच्या भूमिका घेऊन खेळायचा खेळ, तिच्याकडे आहेत. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातली ही कंपनी १९९९ साली हॅस्ब्रो या खेळण्यांच्या बलाढ्य कंपनीने विकत घेतली. ओघात टीएसआर, ॲव्हलॉन हिल, गेम्स वर्कशॉप आणि ॲस्मोडी यांचाही विषय येईल, कारण एकाच कंपनीकडे पाहून निष्कर्ष काढला तर तो फसवा निघतो.

छंदातून उभी राहिलेली कंपनी इतर कंपन्यांपेक्षा वेगळी असते म्हणजे काय?

अशा कंपनीत खेळ बनवणारा, विकणारा आणि खेळणारा ही सुरुवातीला एकच माणसं असतात. गॅरी गायगॅक्स आणि डॉन के यांनी १९७३ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनीव्हा या छोट्या गावात टीएसआर सुरू केली, ती कोणी प्रकाशक डी अँड डी छापायला तयार होईना म्हणून. १९७४ च्या जानेवारीत पहिल्या हजार प्रती निघाल्या. खोके घरीच भरले जात होते. तो खेळ विकत घेणारे लोक गायगॅक्सना पत्रं लिहून नियमांवर वाद घालायचे, स्वतःचे नियम पाठवायचे, आणि त्यातले काही पुढे टीएसआरमध्येच नोकरीला लागले.

विझार्ड्सचंही तसंच झालं. पीटर ॲडकिसन बोइंगमध्ये नोकरी करत होते. १९९० मध्ये त्यांनी मित्रांबरोबर कंपनी काढली आणि ती चालायची सिॲटलजवळच्या त्यांच्या घराच्या तळघरातून. गणिताचे अभ्यासक रिचर्ड गारफील्ड त्यांच्याकडे रोबोंच्या शर्यतीचा एक बोर्ड गेम घेऊन आले होते. तो छापणं परवडणारं नव्हतं. ॲडकिसननी वेगळंच मागितलं: संमेलनात दोन कार्यक्रमांच्या मधल्या वेळात, हातात धरून पटकन खेळता येईल असं काहीतरी. त्यातून मॅजिक जन्मलं आणि १९९३ च्या ऑगस्टमध्ये बाजारात आलं. ही मागणी बाजाराचं सर्वेक्षण करून आली नव्हती. संमेलनात रांगेत ताटकळलेल्या खेळाडूची गरज ॲडकिसनना माहीत होती, कारण ते स्वतः त्या रांगेत उभे राहिलेले होते. संस्कृती, संस्कृती म्हणतो ती मला तरी इथे दिसते: निर्णय घेणाऱ्याला खेळणाऱ्याची गरज कुणाला विचारावी लागत नाही.

म्हणजे हॅस्ब्रो येण्याआधी सगळं आलबेल होतं?

अजिबात नाही, आणि हा गैरसमज दूर करणं मला फार महत्त्वाचं वाटतं. छंदवेड्यांनी चालवलेली कंपनीही छंदाचं वाटोळं करू शकते. टीएसआर हे त्याचं ठळक उदाहरण.

१९७५ च्या जानेवारीत डॉन के अचानक वारले. भांडवलासाठी आधीच भागीदार करून घेतलेले ब्लूम कुटुंब हळूहळू बहुमतात आलं. १९८० च्या सुमारास डी अँड डीची लाट उसळली, पैसा धो धो आला आणि कारभार सुटला. नात्यागोत्यातल्या माणसांची भरती झाली, भरतकामाचं साहित्य विकणारी एक कंपनीसुद्धा टीएसआरने विकत घेतली. १९८५ मध्ये लॉरेन विल्यम्स यांनी बहुसंख्य शेअर मिळवून ताबा घेतला आणि ज्याने खेळ घडवला त्या गायगॅक्सना आपल्याच कंपनीतून बाहेर पडावं लागलं. या सगळ्यात कुठेही बाहेरची महाकाय कंपनी नव्हती. खासगी मालकी होती, मोजके भागधारक होते.

पुढे नव्वदीत टीएसआरने एकामागून एक कल्पित विश्वं बाजारात आणली: रेव्हनलॉफ्ट, डार्क सन, प्लेनस्केप, बर्थराइट. प्रत्येकाचे चाहते वेगळे झाले आणि एकाच कंपनीची पुस्तकं एकमेकांची गिऱ्हाइकं खाऊ लागली. त्याच काळात इंटरनेटवर आपापली साहसं (टेबलावर खेळायच्या कथा) नि नियम फुकट वाटणाऱ्या चाहत्यांना टीएसआरकडून कायदेशीर इशारे जात होते. १९९६ मध्ये टीएसआरची पुस्तकं दुकानांत पोहोचवणाऱ्या रँडम हाउसकडून न खपलेल्या मालाचा ढीग परत आला, छापखान्याचं बिल थकलं, छपाई थांबली. १९९७ मध्ये विझार्ड्सने टीएसआर विकत घेतली नसती तर डी अँड डीचे हक्क कर्ज देणाऱ्यांच्या हाती तुकड्यातुकड्यांनी गेले असते अशी दाट शक्यता होती.

खुद्द विझार्ड्सनेही हॅस्ब्रोच्या आधीच, डिसेंबर १९९५ मध्ये, आपले रोल प्लेइंग गेम बंद करून माणसं कमी केली होती. तेव्हा ‘जुने मालक चांगले, नवे वाईट’ अशी मांडणी इतिहासात बसत नाही.

मग १९९९ मध्ये कंपनी विकली तरी का?

दोन कारणं एकत्र आली. पहिलं म्हणजे पोकेमॉन. विझार्ड्सने इंग्रजी पोकेमॉन कार्डं छापायला घेतली आणि १९९९ मध्ये अमेरिकेतल्या शाळाशाळांत त्यांचं वेड पसरलं. कंपनीची किंमत कधी नव्हे इतकी चढली. दुसरं कारण कमी सांगितलं जातं. सुरुवातीला खिशात पैसे नसल्याने अनेकांचा मोबदला शेअरमध्ये दिला होता. मॅजिकच्या पहिल्या संचातल्या चित्रकारांनाही काही पैसे रोख आणि काही शेअरच्या रूपात मिळाले होते. कंपनी शेअर बाजारात नव्हती, त्यामुळे हे शेअर कागदावरच होते. ज्यांनी विश्वासावर काम केलं त्यांचे पैसे मोकळे करायचे तर कोणीतरी मोठा खरेदीदार लागणारच होता. हॅस्ब्रोने सुमारे ३२ कोटी ५० लाख डॉलर मोजले.

विक्रीला सरसकट गद्दारी म्हणणाऱ्यांनी हा हिशेब लक्षात घ्यावा. सामूहिक उत्साहाने कंपनी उभी राहते तेव्हाच तिच्या विक्रीचं बीज पेरलं जातं.

विक्रीनंतर लगेच काय बदललं?

खेळाच्या टेबलावर फारसं काही नाही. ऑफिस सिॲटलजवळच्या रेंटनलाच राहिलं. डी अँड डीची तिसरी आवृत्ती २००० च्या ऑगस्टमध्ये, म्हणजे हॅस्ब्रोच्या मालकीत आली आणि ती उत्तम होती. त्याच वर्षी ओपन गेम लायसन्स आलं, ज्याबद्दल पुढे सविस्तर आहे.

बदल कडेकडेने झाले. हॅस्ब्रोने आपला तोट्यातला व्हिडिओ गेम विभाग २००१ मध्ये इन्फोग्राम्स या फ्रेंच कंपनीला १० कोटी डॉलरला विकला. त्या व्यवहारात डी अँड डीचे डिजिटल हक्कही गेले. ज्यांचा खेळ होता त्या विझार्ड्सला आपल्याच खेळावर व्हिडिओ गेम काढायला दुसऱ्याचं तोंड पाहायची पाळी आली, आणि ते प्रकरण कोर्टकज्जे होऊन २०११ पर्यंत रेंगाळलं. मालक कंपनीच्या ताळेबंदातलं एक भोक बुजवण्यासाठी एखाद्या खेळाचं दशकभराचं भवितव्य कसं खर्ची पडतं, हे दाखवणारं याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

ॲडकिसन तोवर बाहेर पडले होते. जेन कॉन हे संमेलन कंपनीला नकोसं झालं, ते २००२ मध्ये त्यांनीच विकत घेतलं. ‘ड्रॅगन’ आणि ‘डंजन’ ही मासिकं छापायचा परवाना पायझो या नव्या कंपनीला दिला गेला. विझार्ड्सची स्वतःची दुकानं बंद झाली. छंदाच्या दृष्टीने मोलाचं पण नफ्याच्या दृष्टीने किरकोळ असं जे जे होतं, ते एकेक करून बाहेर गेलं.

ॲव्हलॉन हिलचं काय झालं?

ते थोडक्यात आणि वाईट आहे. बाल्टिमोरची ही कंपनी पन्नाशीच्या दशकापासून युद्धखेळ काढत होती. १९९८ मध्ये हॅस्ब्रोने तिचे खेळ आणि नाव घेतलं, कर्मचारी घेतले नाहीत. नाव आजही खोक्यांवर दिसतं.

ओपन गेम लायसन्स एवढं महत्त्वाचं का?

हा या सगळ्या विषयाचा गाभा आहे, म्हणून थोडं सविस्तर.

विझार्ड्समधले रायन डॅन्सी यांनी टीएसआरची पडझड जवळून पाहिली होती. कंपनी बुडाली तर खेळही बुडेल, ही भीती खरी ठरता ठरता राहिली होती. त्यांनी आग्रह धरला की डी अँड डीच्या नियमांचा गाभा अशा परवान्याखाली खुला करावा की कोणीही त्यावर साहसं, पुस्तकं, अगदी स्वतंत्र खेळसुद्धा काढू शकेल, रॉयल्टी न देता. यात व्यापारी गणितही होतं: साहसकथांच्या पुस्तकांत फार नफा नसतो, ती इतरांनी काढली तर मूळ नियमपुस्तकाचा खप वाढतो. पण त्यातून घडलं ते व्यापाराच्या पलीकडचं. शेकडो लहान प्रकाशक उभे राहिले. घरच्या टेबलावर साहसं रचणाऱ्या मुलामुलींना त्याच कामावर पोट भरायचा रस्ता मिळाला.

२००८ मध्ये चौथी आवृत्ती आली तेव्हा कंपनीने हा खुलेपणा आवरता घेतला आणि बराच जाचक परवाना आणला. तोवर मासिकांचा परवानाही पायझोकडून काढून घेतला होता. पायझोने काय केलं? जुन्या खुल्या नियमांवर २००९ मध्ये ‘पाथफाइंडर’ काढला. चौथ्या आवृत्तीवर नाराज झालेले खेळाडू तिकडे वळले आणि काही काळ डी अँड डीला खरा प्रतिस्पर्धी लाभला, तोही डी अँड डीच्याच जुन्या नियमांवर उभा. पाचवी आवृत्ती करताना विझार्ड्सने मुकाट्याने खेळाडूंचं ऐकलं: नियमांचे मसुदे खुले ठेवून मोठ्या प्रमाणावर चाचणी घेतली, आवृत्ती २०१४ मध्ये आली, आणि २०१६ मध्ये तिचा गाभाही पुन्हा जुन्या खुल्या परवान्याखाली ठेवला.

जानेवारी २०२३ मध्ये नक्की काय झालं?

त्याची सुरुवात डिसेंबर २०२२ मध्ये होते. गुंतवणूकदारांसमोरच्या एका कार्यक्रमात विझार्ड्सच्या तेव्हाच्या प्रमुख सिंथिया विल्यम्स म्हणाल्या की डी अँड डीमधून जितके पैसे मिळायला हवेत तितके मिळत नाहीत. डंजन मास्टर, म्हणजे टेबलावर कथा पुढे नेत खेळ चालवणारे, हे खेळाडूंच्या जेमतेम २० टक्के, पण बहुतेक खरेदी तेच करतात. उरलेल्यांकडून कमाई करायला वाव आहे, असा त्यांचा मुद्दा होता. धंद्याची भाषा म्हणून यात चूक काही नाही. पण जो खेळ एका पुस्तकावर चार-पाच जण वर्षानुवर्षं खेळतात, त्याच्या खेळाडूंना हे वाक्य कसं ऐकू आलं असेल?

जानेवारीच्या सुरुवातीला नव्या परवान्याचा मसुदा फुटला. जुना परवाना यापुढे अधिकृत राहणार नाही. वर्षाला साडेसात लाख डॉलरवर विक्री गेली तर वरच्या रकमेवर २५ टक्क्यांपर्यंत रॉयल्टी. लक्षात घ्या, नफ्यावर नव्हे, विक्रीवर. छपाई, चित्रकार, टपाल यांचा खर्च जाता इतकं मार्जिन या धंद्यात कुणाकडेच नसतं. शिवाय तुम्ही लिहिलेलं विझार्ड्सला कायमचं वापरता येईल असंही एक कलम.

खेळाडू भडकले. पण नुसते भडकून थांबले नाहीत, हे महत्त्वाचं. डी अँड डी बियाँड ही डिजिटल सेवा हॅस्ब्रोने आदल्याच वर्षी १४ कोटी ६३ लाख डॉलरला घेतली होती. लोकांनी तिची वर्गणी धडाधड रद्द केली. पायझोने इतर प्रकाशकांना बरोबर घेऊन स्वतंत्र खुला परवाना जाहीर केला. विझार्ड्सने सुधारित मसुदा आणून मतं मागवली; १५ हजारांहून अधिक जणांनी उत्तरं दिली आणि ८८ टक्के म्हणाले की या परवान्याखाली आम्ही काहीही छापणार नाही. २७ जानेवारीला कंपनीने माघार घेतली, जुना परवाना तसाच ठेवला आणि पाचव्या आवृत्तीचा नियमगाभा क्रिएटिव्ह कॉमन्स या सार्वजनिक परवान्याखाली खुला केला. हा परवाना मागे घेता येत नाही, मालक कोणीही येवो. २०२४ च्या सुधारित नियमांचा गाभाही २०२५ मध्ये याच परवान्याखाली आला.

माझं सगळं म्हणणं या एका महिन्यात सामावलेलं आहे. खेळाची संस्कृती वाचली, ती मालक चांगला होता म्हणून किंवा चाहते संतापले म्हणून नव्हे. २००० साली कोणीतरी खेळाचा एक हिस्सा जाणूनबुजून मालकाच्या मुठीबाहेर ठेवला होता. प्रकाशकांकडे जायला जागा होती, म्हणून संतापाला वजन आलं.

मॅजिकमध्ये असा परवाना नाही. तिथे काय चित्र आहे?

तिथे चित्र बरंच बिकट आहे, माझ्या मते. पत्त्यांचा खेळ असल्यामुळे कोणती कार्डं अस्तित्वात यावीत हे एकटी कंपनी ठरवते. खेळाडूच्या हातात फक्त न घेणं एवढंच असतं.

हॅस्ब्रोच्या पहिल्या पंधरा-वीस वर्षांत मॅजिकच्या मूळ कल्पनेला फार धक्का लागला नव्हता. वेग बदलला तो नंतर. २०१९ मध्ये थेट ग्राहकाला विकायचे ‘सीक्रेट लेअर’ संच सुरू झाले, ज्यात आपल्या गल्लीतल्या दुकानदाराची गरजच उरत नाही. मॅजिकचा पाया म्हणजे शुक्रवारच्या रात्री दुकानात टेबलं मांडून खेळू देणारा तो दुकानदार. त्याचं भाडं पॅक विकून निघतं. त्याला वगळून विक्री वाढवली तर आकडे वाढतात आणि खेळायची जागा आक्रसते. २०२० मध्ये याच मार्गाने ‘द वॉकिंग डेड’ या मालिकेतली पात्रं मॅजिकमध्ये आली, आणि दुसऱ्यांच्या गाजलेल्या विश्वांचं दार उघडलं.

२०२२ मध्ये तिसाव्या वाढदिवसानिमित्त कंपनीने जुन्या दुर्मीळ कार्डांच्या प्रतिकृती काढल्या: चार पॅक, एकूण ६० कार्डं, किंमत ९९९ डॉलर, आणि ती अधिकृत स्पर्धेत चालणार नाहीत. १९९६ मध्ये कंपनीने काही जुनी कार्डं पुन्हा छापणार नाही असं वचन दिलं होतं. त्या वचनाला तांत्रिकदृष्ट्या धक्का न लावता त्यातून पैसा काढण्याचा हा प्रकार अनेकांना जिव्हारी लागला. त्याच महिन्यांत बँक ऑफ अमेरिकाच्या विश्लेषकांनी इशारा दिला की कंपनी जास्त कार्डं छापून आपल्याच सोन्याच्या कोंबडीचा गळा आवळते आहे, आणि हॅस्ब्रोचा शेअर कोसळला. खेळाडूंची तक्रार बँकेच्या तोंडून आली तेव्हा शेअर बाजाराने ती ऐकली.

एप्रिल २०२३ मध्ये एका युट्यूबरच्या हाती प्रदर्शनाआधीची कार्डं पडली, ती त्याने विकत घेतलेली होती. ती परत मिळवायला त्याच्या घरी पिंकर्टन या खासगी सुरक्षा संस्थेची माणसं पाठवली गेली. तळघरात सुरू झालेल्या कंपनीने एका चाहत्याच्या दारात अशी माणसं उभी करावीत, हे मला अजूनही पचत नाही. फोन करणं शक्य होतं.

पण नवे खेळाडू तर येत आहेत ना? मग तक्रार कशाची?

येत आहेत, आणि ही बाजू नीट ऐकायला हवी. २०२३ चा ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ संच आणि २०२५ चा ‘फायनल फँटसी’ संच यांनी मॅजिकमध्ये असंख्य नवी माणसं आणली. हॅस्ब्रोच्या प्रमुखांनी सांगितलं की ‘फायनल फँटसी’ने एका दिवसात २० कोटी डॉलरचा धंदा केला. आपल्या आवडत्या कथेतलं पात्र हातात धरून कोणी पहिल्यांदा खेळायला बसत असेल तर त्या माणसाचा आनंद खोटा नाही.

अडचण प्रमाणाची आहे. २०२५ मध्ये मॅजिकच्या मुख्य स्पर्धात्मक प्रकारात सहा मोठे संच आले आणि त्यातले तीन दुसऱ्यांच्या विश्वातले होते. एरवी वर्षाला चार असायचे. एवढ्या वेगात संच आले की आवडलेल्या डेकवर, म्हणजे खेळायला निवडलेल्या आपल्या कार्डांच्या गठ्ठ्यावर, प्रभुत्व मिळवायला वेळच मिळत नाही. आणि स्वतःची कथा लिहिण्याऐवजी भाड्याच्या कथा आणणं अधिक फायद्याचं ठरलं की स्वतःची कथा लिहिणाऱ्या लेखक-चित्रकारांचं त्या इमारतीतलं स्थान घसरत जातं.

नफा देणाऱ्या विभागातही नोकरकपात का होते?

कारण कपात ठरते मालक कंपनीच्या एकूण आकड्यांवर. २०२३ मध्ये हॅस्ब्रोची एकूण विक्री सुमारे ५ अब्ज डॉलर होती आणि वर्ष तोट्यात गेलं, मुख्यतः मनोरंजन विभागात केलेल्या गुंतवणुकीची किंमत खाली आणावी लागल्यामुळे. त्याच वर्षी विझार्ड्सचा विभाग जवळपास दीड अब्ज डॉलर विकून घसघशीत नफ्यात होता, आणि डी अँड डीवर आधारलेला ‘बाल्डर्स गेट ३’ हा व्हिडिओ गेम जगभर पुरस्कार घेत होता. तरी डिसेंबरमध्ये जाहीर झालेल्या १,१०० जणांच्या कपातीत विझार्ड्सची माणसंही गेली. बाल्डर्स गेटचे दिग्दर्शक स्वेन विंके यांनी जाहीरपणे खंत व्यक्त केली की सुरुवातीच्या बैठकीला विझार्ड्सच्या बाजूने जे बसले होते, त्यातलं आता जवळपास कोणीच तिथे उरलेलं नाही.

डिसेंबर २००८ मध्येही असंच झालं होतं, चौथी आवृत्ती येऊन सहा महिने झाले असताना.

यात संस्कृतीचं जे नुकसान होतं ते पगारपत्रकात दिसत नाही. एखादा नियम असा का आहे, पूर्वी दुसरं काय करून पाहिलं होतं आणि ते का फसलं, हे लिहून ठेवलेलं नसतं. ते दहा-पंधरा वर्षं एका टेबलावर खेळलेल्या माणसांच्या डोक्यात असतं.

मोठ्या मालकामुळे काही चांगलं झालं का?

हो. पोकेमॉनची लाट ओसरली, २००३ मध्ये ते हक्कही परत गेले. एकट्या विझार्ड्सला तो धक्का कदाचित पेलला नसता. जगभर वितरण, अनेक भाषांतली कार्डं, ‘मॅजिक अरीना’सारखा संगणकावरचा खेळ, यांना भांडवल लागतं. ज्यांच्या शहरात खेळणारं दुसरं कोणी नाही अशांना अरीनामुळे खेळायला मिळालं.

शेअर बाजारात गेलेली प्रत्येक कंपनी अशीच होते का?

नाही. इंग्लंडच्या गेम्स वर्कशॉपकडे पाहा. १९७५ मध्ये तीन मित्रांनी सुरू केलेली ही कंपनी १९९४ पासून लंडनच्या शेअर बाजारात आहे आणि डिसेंबर २०२४ मध्ये तिथल्या सर्वांत मोठ्या शंभर कंपन्यांत पोहोचली. तरी ती नॉटिंगहॅममध्येच आपल्या वॉरहॅमर या युद्धखेळाच्या छोट्या मूर्ती बनवते आणि स्वतःची दुकानं चालवते. भागधारक आहेत, पण तिचा पैसा दुसऱ्या कुठल्या विभागाचा तोटा भरायला जात नाही. हा फरक मोठा आहे. म्हणून तिथे सगळं गोड आहे असंही नाही: २०२१ मध्ये तिने चाहत्यांच्या ॲनिमेशनपटांना सरसकट मनाई करणारे नियम आणले आणि वर्षानुवर्षं प्रेमाने काम करणारे काही जण थांबले.

ॲस्मोडीचं उदाहरण उलट टोकाचं. या फ्रेंच कंपनीने बोर्ड गेमचे अनेक लहानमोठे प्रकाशक एकत्र केले. ती स्वतः एका गुंतवणूक संस्थेकडून दुसरीकडे गेली आणि २०२२ मध्ये स्वीडनच्या एम्ब्रेसर या व्हिडिओ गेम कंपनीने ती २ अब्ज ७५ कोटी युरोला घेतली. एम्ब्रेसर पुढे अडचणीत आली. २०२४ मध्ये ॲस्मोडीच्या नावावर ९० कोटी युरोचं कर्ज काढून त्यातून एम्ब्रेसरची देणी कमी केली गेली, आणि मग २०२५ मध्ये ॲस्मोडीला वेगळं करून शेअर बाजारात आणलं. बोर्ड गेमच्या खोक्यातून मिळणाऱ्या नफ्याला व्हिडिओ गेमच्या उधळपट्टीचं व्याज भरावं लागतं आहे.

कर्मचाऱ्यांनी संघटना काढणं हा मार्ग आहे का?

पायझोमध्ये २०२१ मध्ये संघटना झाली आणि कंपनीने ती स्वेच्छेने मान्य केली. पायझो खासगी, खेळाडूंनीच चालवलेली कंपनी. तिथेही संघटनेची गरज भासली. आवड आहे म्हणून कमी पगारात राबून घेणं हा या क्षेत्राचा जुना रोग आहे आणि तो मालकाचा आकार बघत नाही.

आपल्याकडे याचा काही संबंध?

हॅस्ब्रोशी भारताचा जुना संबंध फनस्कूलमधून येतो. एमआरएफ आणि हॅस्ब्रोच्या भागीदारीतून उभ्या राहिलेल्या या कंपनीचा कारखाना गोव्यात आहे, आणि नव्वदीत वाढलेल्या अनेक मराठी घरांत मोनोपोली किंवा जी. आय. जो तिथूनच आला. आज अधिक जवळचा संबंध खुल्या परवान्याचा आहे. नियमांचा गाभा खुला आहे म्हणजे पुण्यात किंवा कोल्हापुरात बसून कोणीही सह्याद्रीच्या किल्ल्यांवर घडणारं साहस मराठीत लिहून विकू शकतं. मूळ स्रोताचा उल्लेख करायचा, बस. डी अँड डी हे नाव आणि तिची काही खास पात्रं-राक्षस मात्र वापरता येत नाहीत.

एक खेळाडू म्हणून मी काय करू?

जिथून घेता ते दुकान जपा. ऑनलाइन सवलतीपेक्षा तिथलं टेबल जास्त मोलाचं आहे. डिजिटल वर्गणीपेक्षा पुस्तक घ्या. ते कोणी परत नेऊ शकत नाही. आणि नवं काही आवडलं नाही तर जुनंच खेळत राहा. १९७४ चे नियम वापरून आजही गट खेळतात.

माझं छोटं गेम प्रकाशन आहे. विकायची वेळ आली तर काय सांभाळू?

वकील गाठाच, पण त्याच्याकडे जाताना या गोष्टी लिहून न्या.

नियमांचा गाभा आधीच मागे न घेता येणाऱ्या खुल्या परवान्याखाली ठेवा. किंमत थोडी कमी येईल. डिजिटल हक्क वेगळे मोजा आणि ते मूळ खेळापासून तोडून तिसऱ्याला विकता येणार नाहीत अशी अट घाला. २००१ चा व्यवहार आठवा. ठरावीक वर्षं खेळ छापला गेला नाही तर हक्क रचनाकाराकडे परत यावेत हे कलम मागा. अनेक पुस्तक-करारांत ते असतं, खेळांच्या करारात मुद्दाम मागावं लागतं.

रचनाकाराचं नाव खोक्यावर राहील हेही लिहून घ्या. १९८८ मध्ये न्यूरेंबर्गच्या खेळणी मेळ्यात १३ रचनाकारांनी बिअरच्या ग्लासाखालच्या पुठ्ठ्यावर सह्या केल्या होत्या, की नाव छापणार नसाल तर आमचा खेळ मिळणार नाही. आज तिथल्या खोक्यांवर नाव असणं ही रीत आहे. आणि खुल्या परवान्याचं काम विक्रीची बोलणी सुरू व्हायच्या आत उरका. बोलणी सुरू झाली की खरेदीदाराचा वकील पहिली अट हीच घालतो की व्यवहार पूर्ण होईपर्यंत कोणताही हक्क कुणालाही द्यायचा नाही.